कोंबडीला वारा घालावा की पाणी शिंपडावे?

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेण मागे पडले की वडखळचा नाका लागतो. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक अलिबागकडे जातो आणि दुसरा नागोठण्यावरून महाडकडे. नाक्यावरची वर्दळ सोडून थोडे आत शिरले, की खारजमिनीतली भातशेती, पलीकडे धरमतरची खाडी आणि घराघरामागे चरणाऱ्या पाचदहा कोंबड्या असे चित्र दिसू लागते. या कोंबड्यांचा जमाखर्च सहसा कोणी वहीत मांडत नाही. पण त्यांच्या अंड्यांवर घरातल्या कितीतरी बारीकसारीक गरजा भागतात. म्हणूनच मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी नेमाने अंडी देणारी कोंबडी अचानक मान टाकते, तेव्हा सगळ्या घराला चुटपुट लागते.

मग सल्ले सुरू होतात. विदर्भात राहून आलेला कोणी सांगतो, ‘खुराड्यावर गोणपाट टाका आणि दर तासाला पाणी मारा.’ घरातली आजी म्हणते, ‘पाणी नको रे बाबा, आधीच जीव घुसमटतोय त्यांचा. दार उघड, वारा येऊ दे.’ यात खरे कोणाचे? गंमत अशी, की दोघांचेही खरे आहे. पण एकाचा उपाय चंद्रपूरच्या उन्हाळ्याला लागू पडतो आणि दुसऱ्याचा वडखळच्या. असे का, हे समजून घ्यायचे असेल तर आधी कोंबडीचे शरीर उष्णतेचा हिशेब कसा ठेवते ते पाहिले पाहिजे.

पिसांच्या आतली शेगडी

माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. कोंबडीचे ४१ ते ४२ अंश असते. म्हणजे आपल्याला जो फणफणून आलेला ताप वाटेल, ती कोंबडीची नेहमीची प्रकृती! मात्र यापुढे तिला फारशी सवलत नाही. शरीराचे तापमान आणखी चारपाच अंशांनी चढून ४६-४७ अंशांवर गेले, तर कोंबडी जगत नाही.

खाल्लेल्या दाण्यांचे पचन होताना, स्नायू हलताना, अंडे तयार होताना शरीरात सतत उष्णता निर्माण होते. दोन किलो वजनाच्या कोंबडीत ही उष्णता ढोबळमानाने १० वॅट असते. रात्री लावायच्या एखाद्या मंद विजेच्या दिव्याइतकी ही शेगडी रात्रंदिवस पेटलेली असते. तापमान स्थिर राहायचे असेल तर जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर गेलीच पाहिजे.

उष्णता बाहेर जाण्याचे तीन मार्ग तुम्ही शाळेत शिकला आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. कोंबडी हे तिन्ही वापरते. ती झाडाखालची गार माती उकरून तिच्यात अंग घालून बसते, तेव्हा वहनाने उष्णता मातीत जाते. ती पंख अंगापासून दूर धरून उभी राहते, तेव्हा पंखाखालच्या विरळ पिसांच्या त्वचेला हवा लागते आणि अभिसरणाने उष्णता निघून जाते. तिचा लाल तुरा, गळ्याखाली लोंबणारे लोल आणि उघडे पाय हे तर तिचे उष्णता बाहेर टाकणारे अवयवच आहेत. उकाडा वाढला की या भागांकडे जास्त रक्त वाहू लागते. उन्हाळ्यात कोंबडीचा तुरा चाचपून पाहा, तो चांगला गरम लागेल.

या तिन्ही मार्गांना एक अट आहे. आजूबाजूची हवा, जमीन आणि छप्पर हे कोंबडीपेक्षा थंड असले पाहिजेत. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते. बाहेरचे तापमान जसजसे ४१ अंशांकडे सरकते, तसतसे हे तिन्ही दरवाजे बंद होत जातात. आणि पारा त्याच्याही वर गेला, तर उलट बाहेरचीच उष्णता आत शिरू लागते.

घामाऐवजी धाप

अशा वेळी आपल्याला घाम येतो. घाम वाळताना त्वचेतली उष्णता घेऊन जातो. परंतु कोंबडीच्या त्वचेत घर्मग्रंथीच नसतात. म्हणून तिने दुसरी युक्ती काढली आहे. हवा साधारण ३० अंशांच्या आसपास गेली की ती चोच उघडते आणि भराभर श्वास घेऊ लागते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस वेळा चालणारा श्वास दीडशे-दोनशेच्याही पुढे जातो. यालाच आपण धाप लागणे म्हणतो. तोंड, श्वासनलिका आणि हवेच्या पिशव्या आतून ओलसर असतात. त्यांच्यावरून हवा वेगाने ये-जा करते, तेव्हा तेथल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. एक ग्रॅम पाण्यासाठी ती सुमारे २४०० ज्यूल असते आणि ती कोंबडीच्या शरीरातूनच घेतली जाते.

आता एक सोपे गणित करू. शेगडी १० वॅटची, म्हणजे दर सेकंदाला १० ज्यूल. एका तासात ३६०० सेकंद, म्हणून एका तासात ३६,००० ज्यूल. याला २४०० ने भागा. उत्तर येते १५ ग्रॅम. सगळी उष्णता केवळ धापेने बाहेर काढायची झाली, तर कोंबडीला दर तासाला १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी श्वासातून उडवावे लागेल. दुपारी बारा ते चार या वेळात बारा चमचे! उन्हाळ्यात कोंबडी एवढे पाणी का पिते, याचे उत्तर या गणितात आहे.

चंद्रपूरची हवा आणि वडखळची हवा

हवेत पाण्याची वाफ किती मावते, हे तापमानावर अवलंबून असते. ४१ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५४ ग्रॅम बाष्प मावते. कोंबडीच्या शरीरातून बाहेर पडणारी हवा जवळजवळ अशीच, बाष्पाने भरलेली असते. पण आत येणारी हवा कोरडी की ओली, यावर सारा खेळ आहे.

समजा, चंद्रपुरात मे महिन्यातल्या दुपारी तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते. ती कोंबडीच्या शरीरात जाऊन ५४ ग्रॅम बाष्प घेऊन बाहेर पडली, तर ४५ ग्रॅम पाणी वाहून नेते. आता वडखळला या. तापमान ३४ अंश, पण खाडीवरून येणाऱ्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के. या हवेत आधीच सुमारे २४ ग्रॅम बाष्प आहे. ती केवळ ३० ग्रॅम वाहून नेऊ शकेल. म्हणजे चंद्रपूरच्या कोंबडीचे जे काम दोन श्वासांत होते, त्यासाठी वडखळच्या कोंबडीला तीन श्वास घ्यावे लागतात. आणि श्वास घेणे हेसुद्धा स्नायूंचे काम आहे, त्यातून पुन्हा उष्णताच निर्माण होते.

पाणी शिंपडून हवा किती थंड करता येईल, हेही असेच ठरते. तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. निव्वळ पाणी शिंपडून हवा याहून थंड करता येत नाही. चंद्रपूरच्या त्या ४४ अंशांच्या दुपारी हे तापमान सुमारे २३ अंश येते. वडखळच्या ३४ अंशांच्या दुपारी ते २८ अंशांवरच अडते. पाहा, जिथे ऊन जास्त तिथे पाणी २१ अंशांची उतार देऊ शकते, आणि जिथे ऊन कमी तिथे अवघी सहा अंशांची! राजस्थानच्या वाळवंटात आणि विदर्भात वाळ्याचे ताटे व कूलर इतके उपयोगी पडतात आणि कोकणात कूलर लावला की खोली नुसती दमट होते, त्याचे कारण हेच.

वडखळमध्ये बंदिस्त खुराड्यावर दुपारभर पाणी मारले तर काय होईल? हवा दोनचार अंशांनी उतरेल, पण तिची ओल वाढेल आणि कोंबडीची धाप निकामी होऊ लागेल. शिवाय खाली अंथरलेला भाताचा तूस भिजेल. दमट हवेत तो लवकर वाळत नाही. ओल्या तुसात विष्ठा कुजून अमोनिया वायू सुटतो, त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. रक्ती हगवणीच्या जंतूंनाही अशीच ओल मानवते.

उकाड्यातला ओलावा माणसालाही कसा घातक ठरतो, हे रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशीचा पारा काही विदर्भासारखा चढलेला नव्हता. तेव्हा ‘आपल्याकडे कुठे पंचेचाळीस अंश असतात?’ असे म्हणून कोकणातल्या उन्हाळ्याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे.

वारा कुठे मित्र, कुठे शत्रू

मग वडखळच्या कोंबडीने करावे काय? तिच्या बाजूने एक गोष्ट आहे. येथली हवा ३४ अंशांची आहे आणि कोंबडीचे शरीर ४१-४२ अंशांचे. हा सात-आठ अंशांचा फरक म्हणजे उघडा दरवाजा आहे. अट एवढीच, की हवा हलती हवी. स्थिर हवेत कोंबडीच्या अंगाभोवतीचा थर तिच्याच उष्णतेने तापतो आणि गोधडीसारखा तिला लपेटून राहतो. वारा हा थर सतत उडवून लावतो. पंखा हवा थंड करीत नाही, तरी त्याच्याखाली आपल्याला बरे वाटते, ते याच कारणाने.

चंद्रपुरात ४४ अंशांचा वारा मात्र कोंबडीहून गरम असतो. तो तिच्या अंगात उष्णता घालतो. म्हणून तेथे दुपारी झळा अडवायच्या आणि त्यांच्या वाटेत ओला पडदा टांगायचा. वडखळमध्ये हेच ताट उलटे करायचे: पडदे काढायचे आणि वाऱ्याला वाट द्यायची. आजीने पुस्तक न वाचता हे ओळखले होते!

पण निसर्ग एवढा सरळ नसतो. मार्च महिन्यात कधीकधी समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो आणि तोवर घाटाकडून, पूर्वेकडून कोरडा वारा वाहत राहतो. अशा दिवशी कोकणातही ऊन विदर्भासारखे भाजते. रायगड जिल्ह्यातल्याच कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा येथे मार्च २०१७च्या अखेरीस ४६.५ अंशांची नोंद झाली आणि तिची देशभर चर्चा झाली. अशा कोरड्या दिवशी वडखळमध्येही ओले गोणपाट उत्तम काम करील. मग आज कोणता दिवस आहे, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक पुरेत. दोन्ही खुराड्याजवळ सावलीत, वारा लागेल असे टांगा. एकाच्या फुग्याला पातळ सुती चिंधी गुंडाळा आणि चिंधीचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. बाटली फुग्याच्या थोडी खाली असू द्या. दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वाचा. फरक दहा अंशांहून जास्त असेल, तर हवा कोरडी आहे, वाऱ्याच्या वाटेवर ओले गोणपाट टांगा. फरक सहा-सात अंशांहून कमी असेल, तर पाणी आवरा आणि वारा वाढवा. मधल्या फरकाला दोन्ही थोडे थोडे करून पाहा. हा ढोबळ नियम आहे. पण त्यामुळे अंदाजावर न विसंबता मोजून ठरवायची सवय लागते. रोज दुपारी दोन वाजता हे आकडे वहीत लिहा. त्यांच्याशेजारी एका कोंबडीचे मिनिटाला किती श्वास झाले तेही मोजून लिहा. महिन्याभरात धाप नुसत्या पाऱ्याबरोबर वाढते की ओल्या फुग्याच्या आकड्याबरोबर, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

पत्र्याखालची पोपटी

हवेपेक्षाही मोठा शत्रू डोक्यावर असतो. वडखळ सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा वेळी उन्हातल्या एक चौरस मीटर छपरावर साधारण १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. एक कोंबडी १० वॅटची, हे लक्षात आहे ना? म्हणजे छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर कोंबड्यांइतकी उष्णता ओतली जात असते! सगळी काही आत येत नाही, पण तापलेला पत्रा प्रारणाने तिचा मोठा भाग खाली पाठवतो.

थंडीत तुमच्याकडे पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे आणि भोवती जाळ करायचा. वेगळे पाणी घालावे लागत नाही, आत कोंडलेल्या वाफेतच सगळे शिजते. बंद दाराचे, पत्र्याच्या छपराचे खुराडे एप्रिलच्या दुपारी नेमके असेच मडके बनते. फरक एवढाच, की आतली कोंबडी जिवंत असते.

म्हणून पहिला उपाय सावलीचा. खुराडे आंबा, चिंच यांसारख्या मोठ्या झाडाखाली असेल तर निम्मे काम झाले. झाड नसेल, तर पत्र्यावर चार विटा ठेवून त्यांवर बांबूची चौकट घाला आणि तिच्यावर भाताचा पेंढा पसरा. पत्रा आणि पेंढा यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा राहिली, की तेथून हवा वाहते आणि ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही. पेंढा परवडत नसेल तर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग बराचसा प्रकाश परत फेकतो. मात्र पेंढ्याजवळ चूल किंवा विजेची उघडी तार नसावी.

खुराड्याची दिशाही महत्त्वाची. लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेकडे ठेवाव्यात, म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन कमी आत येते. कोकणात पश्चिमेकडे एक पेच पडतो. दुपारनंतरचे ऊन तिकडूनच येते आणि खाडीवरचा सुखद वाराही तिकडूनच. भिंत बांधली तर दोन्ही अडतात. म्हणून त्या बाजूला भिंत न घालता जाळी लावावी आणि छप्पर हातभर पुढे काढावे. थोड्या अंतरावर उंच बुंध्याचे झाड लावले, तर वरचा पाला ऊन अडवतो आणि खालून वारा येतो.

रात्रीचा विचार बहुधा राहून जातो. मुंगूस आणि रानमांजर यांच्या भीतीने आपण खुराड्याला फळ्या ठोकतो आणि सगळ्या फटी बुजवतो. दिवसभर साठलेली उष्णता मग रात्रीही बाहेर पडत नाही, आणि सकाळी कोंबडी थकलेलीच उठते. मुंगसाला वाट हवी असते आणि हवेला फट. ज्या जाळीतून मुंगूस जाणार नाही तिच्यातून हवा सहज जाते. फळ्यांच्या जागी बारीक डोळ्यांची मजबूत जाळी बसवली, की दोन्ही साधते.

पाणी, दाणा आणि वेळ

वडखळच्या कोंबडीलाही पाण्याची गरज आहेच. पण ते हवेत शिंपडण्यापेक्षा तिच्या पोटात जायला हवे. एरवी मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आतबाहेर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात ते दुपटीहून जास्त होते. पाणी तापले की मात्र ती पिणे कमी करते. उन्हात ठेवलेले पत्र्याचे भांडे त्यामुळे कुचकामी ठरते. सावलीत मातीची पसरट परळे ठेवा, दोन कोंबड्या भांडल्या तरी तिसरीला प्यायला मिळेल इतकी, आणि दुपारी बारा वाजता पाणी बदला. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी तहान लागली तरी जागा सोडत नाही, म्हणून तिच्या चोचीला पोचेल असे एक परळ तिच्याशेजारीच ठेवावे.

दाणा खाल्ल्यावर पचनामुळे शरीरातली उष्णता वाढते आणि काही तास वाढलेली राहते. सकाळी दहाला भरपेट दाणा मिळाला, तर आतली शेगडी नेमकी दुपारी भडकते. म्हणून मुख्य दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावा. दुपारी कोंबड्यांना पळवू नये, पकडू नये. बाजारात न्यायच्या तर डालग्यात दाटीवाटीने न भरता पहाटेच न्याव्यात.

अंड्याचे कवच पातळ का होते?

उन्हाळ्यात हातात घेताच पिचणारी अंडी तुम्ही पाहिली असतील. त्यांचाही संबंध धापेशी आहे. अंड्याच्या कवचाचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यातला कार्बोनेट हा भाग रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिळतो. कोंबडी धापा टाकते तेव्हा वाफेबरोबर हा वायूही गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि कवचाला माल कमी पडतो. शिवाय उकाड्यात ती दाणा कमी खाते, म्हणून कॅल्शियमही घटते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८५ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उकाड्यात ठेवलेल्या कोंबड्यांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेले, म्हणजे सोड्याच्या बाटलीसारखे पाणी पाजले, तर कवच सुधारलेले आढळले!

तुम्हाला सोडावॉटर विकत आणण्याची गरज नाही. कोंबडी थंड राहिली, की धाप कमी लागते आणि कार्बन डायऑक्साइड वाचतो. कॅल्शियमसाठी तर खाडीच जवळ आहे. तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. ते धुऊन, वाळवून, भरड कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. कवचाचे काम मुख्यतः रात्री चालते, म्हणून संध्याकाळी ते कोंबड्यांपुढे असावेत.

लहान कोंबडी का टिकते?

अंगणात गावठी कोंबडीच्या जोडीला आता गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार जातीही दिसतात. त्या मांस जास्त देतात, पण उकाड्यात आधी त्याच धापा टाकू लागतात. कारण भूमितीत आहे. एखाद्या घनाची बाजू दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. उष्णता तयार होते ती शरीराच्या साऱ्या वजनात, आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. देह मोठा झाला की दर किलोमागे पृष्ठभाग कमी पडतो. काही ठिकाणी उघड्या मानेची कोंबडी दिसते. ती रोगट नसते. तिच्या अंगातल्या एका जनुकामुळे तिला पिसे कमी येतात, आणि उष्ण हवेत हाच तिचा फायदा ठरतो. तेव्हा सावलीची आणि वाऱ्याची जागा वाटायची झाली, तर पहिला मान वजनदार कोंबड्यांचा.

एवढे करूनही एखादी कोंबडी चोच उघडी टाकून, पंख पसरून, झोकांड्या खाऊ लागली तर? तिला अलगद उचलून सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी आणा. तिचे पाय गार पाण्यात बुडवा आणि तुरा व लोल ओले करा. तुम्ही विचाराल, दमट हवेत पाण्याचा काय उपयोग? उपयोग आहे. कारण हे पाणी हवेला नव्हे, थेट ४२ अंशांच्या कातडीला लागते आणि तिची उष्णता घेऊनच उडते. मात्र सारी पिसे भिजवत बसू नका, आणि तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ती सावध झाली की स्वतःच पिईल.

मित्रहो, चंद्रपूरचा उपाय वडखळला चालत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. बाष्पीभवनाचा नियम दोन्हीकडे एकच आहे, हवा मात्र वेगळी आहे. दुसऱ्या गावचा उपाय आपल्या अंगणात आणण्यापूर्वी तो तिथे का चालतो हे विचारावे, आणि आपल्याकडे तसे कारण आहे का ते मोजून पाहावे. येत्या मार्चपासून शाळेतले दोन तापमापक, सुती चिंधी आणि एक वही घेऊन कामाला लागा. पेण, रोहा, अलिबाग या तालुक्यांतल्या शाळांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या गावी कोणत्या आठवड्यात पाणी मारावे आणि कुठे केवळ वाऱ्याची वाट मोकळी करावी, याचा चांगला तक्ता तयार होईल.